डोकं ठिकाणावर असलेली बाई

माझं डोकं ठिकाणावर आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण परदेशात जाऊन मला हे एकच वाक्य घसा कोरडा पडेपर्यंत सांगावं लागलं आणि कुणी म्हणून त्यावर विश्वास ठेवला नाही. उभा जन्म मी एका मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर काढला. कुठला डॉक्टर कुठल्या वेळी कुठल्या वॉर्डात सापडतो आणि कुठला मुद्दाम सापडत नाही, हे सगळं माझ्या डोक्यात असायचं, कुठे लिहून ठेवावं लागायचं नाही. त्या डोक्याची माझ्या पोटच्या पोरीने काय किंमत केली, ते ऐका.

सहा महिन्यांसाठी मी लेकीकडे गेले होते. नातू दोन वर्षांचा, त्याला आम्ही पिल्लू म्हणतो. लेक सकाळी ऑफिसला जायची आणि जावईबापू घरातच, पण दार लावून कॉम्प्युटरसमोर. त्यांच्या मीटिंगा चालू असल्या की मिक्सर लावायचा नाही, कुकरच्या शिट्ट्या होऊ द्यायच्या नाहीत, फोनवर मोठ्याने बोलायचं नाही. माझा आवाज पडला बोर्डावरचा, तो हळू होतच नाही. धाकट्या बहिणीशी बोलायला मी बाथरूममध्ये जाऊन बसायचे, तर जावईबापू बाहेरून टकटक करायचे आणि म्हणायचे, "आई, जरा..." ‘जरा’च्या पुढे ते कधी काही बोलले नाहीत. मला वाटायचं, माणूस गरीब आहे. गरीब गाय, पोटात पाय, हे नंतर कळलं.

शनिवार-रविवारी दोघं मला देश दाखवायला न्यायची. दाखवायला म्हणजे काय, तर गाडीत बसा, पट्टा लावा, पिल्लू झोपलाय म्हणून गप्प बसा, उतरा, फोटो काढा, पुन्हा चढा. एक किल्ला पाहिला तो बाहेरूनच, कारण आत जायला रांग होती. एक तळं पाहिलं ते पिल्लूचा डायपर बदलता बदलता. एका टेकडीवर नेलं, तिथून खाली छोटं गाव दिसत होतं. मी विचारलं, "ही माणसं भाजी कुठून आणत असतील गं? एवढ्या चढावर म्हाताऱ्यांचे काय हाल होत असतील?"

"आई, तुला काय करायचंय त्यांच्या भाजीशी? इकडे बघ, हस."

मी हसले, फोटो निघाला, आणि गाडी घरी पोचायच्या आत तो नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला. खाली लिहिलेलं, ‘आईची नुसती मज्जा!’ मज्जा म्हणे. एवढा विमानप्रवास करून मी दगड, पाणी आणि पार्किंग एवढंच बघत होते. मला माणसं बघायची होती. ती कशी बोलतात, कशी भांडतात, पाव कुठे घेतात, म्हातारपणी दुपार कशी घालवतात. यासाठी किल्ल्यापर्यंत पेट्रोल जाळायची गरज नव्हती, आमच्या गल्लीच्या टोकापर्यंत सोडलं असतं तरी चाललं असतं. पण एकटीने बाहेर पडायचं म्हटलं की लेक म्हणायची, "तुला भाषा येत नाही, हरवलीस तर?" मला फक्त पिल्लूला पाळणाघरातून दुपारी आणायची परवानगी होती. ते अगदी जवळ होतं, आणि मुख्य म्हणजे त्यात त्यांची सोय होती.

मी कुरकुर केली. मला कुरकुर करता येते, त्यात लपवण्यासारखं काही नाही. शेवटी एके दिवशी जेवताना लेक म्हणाली, "आई, तुझी सोय केलीय. पाळणाघराच्या इमारतीत खाली सभागृह आहे ना, तिथून दर बुधवारी म्हाताऱ्या माणसांना फिरायला नेतात. चालत, गावातल्या गावात. जाशील?"

"मला भाषा येत नाही."

"तिथे फारसं बोलावं लागत नाही."

जावईबापू मान खाली घालून भात कालवत होते. त्यांचा भात कालवून झाला तरी ते कालवतच होते. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

पहिल्याच बुधवारी मी हरखून गेले. सभागृह म्हणजे साधी लांबट खोली. भिंतीला कोट अडकवायच्या खुंट्या, मधे गोल मांडलेल्या खुर्च्या, कोपऱ्यात चहाचं पिंप. गळ्यात शिट्टी अडकवलेली एक उंच बाई तिथली प्रमुख होती. मी मनातल्या मनात तिचं नाव शिट्टीबाई ठेवलं. तिने माझे दोन्ही हात हातात घेतले, काहीतरी गोड बोलली आणि माझ्या दंडाला नारिंगी पट्टा बांधला. खुर्च्यांवरच्या सगळ्यांच्याच दंडाला तो होता. मग ती एकेकाला मोठाली चित्रं दाखवू लागली. चमचा, छत्री, किल्ली. ज्याने त्याने तिकडच्या भाषेत त्या वस्तूचं नाव सांगायचं आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. नंतर भिंतीवरच्या भल्यामोठ्या कॅलेंडरवर आजच्या वारावर बोट ठेवायचं. मी म्हटलं, काय देवमाणसं आहेत! परक्या देशातल्या एका बाईला भाषा शिकता यावी म्हणून एवढी मोठी माणसं चमचा-छत्री करत बसलीत. पाहुणचार असावा तर असा.

माझ्या शेजारी लाल टोपी घातलेली एक बाई बसायची. तिने छत्रीला चमचा म्हटलं, आणि मी खोखो हसले. मला वाटलं, माझा संकोच जावा म्हणून गंमत करतेय. मी हसले म्हणून तीही हसली, आणि तिथे आमची मैत्री जमली.

फिरायला निघालो तर एका आडदांड गृहस्थाने माझा हात धरला. पट्टा नसलेली चार-पाच माणसं सोबतीला होती, त्यातला हा एक. अंगापिंडाने पहिलवान, वय साठीचं. मी हात झटकला. चारचौघांत माझा हात माझ्या नवऱ्यानेही कधी धरला नव्हता, आणि हा कोण टिकोजीराव? त्याने पुन्हा हसून धरला. मग पाहिलं तर सगळ्यांचेच हात कुणी ना कुणी धरलेले. म्हटलं, देश तसा वेश. बहिणीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगं ताई, या वयात काय थेरं! सांभाळ हो." आम्ही इतक्या हसलो की बाहेरून टकटक झाली.

पण त्या बुधवारांनी मला जे दाखवलं ते त्या गाडीने दाखवलं नव्हतं. आम्ही जुन्या पुलावर गेलो आणि खालच्या पाण्यात गळ टाकून बसलेल्या माणसांशी बोललो, म्हणजे बाकीचे बोलले आणि मी मासे मोजले. अग्निशमन केंद्रात गेलो, तिथल्या पोरांनी आम्हाला पाण्याचा पाइप उलगडून दाखवला आणि लाल टोपीवालीच्या डोक्यावर हेल्मेट चढवलं. पाववाल्याच्या भट्टीत गेलो, त्याने पिठाचे हात एप्रनला पुसून प्रत्येकाला गरम पावाचा तुकडा दिला. फुलझाडांच्या रोपवाटिकेत मला मातीत हात घालायला मिळाला, त्याला किती महिने झाले होते! फक्त घड्याळाच्या मनोऱ्यापाशी माझा हिरमोड झाला. मी पायऱ्या चढायला लागले तर पहिलवानाने मला अलगद मागे ओढलं. मला वाटलं, माझ्या गुडघ्यांची काळजी करतोय.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली होती. लाल टोपीवाली दर बुधवारी मला नव्याने नाव विचारायची. छातीवर हात ठेवून आधी स्वतःचं सांगायची, मग माझ्याकडे बोट करायची, आणि मी सांगितलं की जन्मात पहिल्यांदाच ऐकल्यासारखी खूश व्हायची. मी समजले, इथली रीतच अशी असणार. दर भेटीला नव्याने ओळख करून घ्यायची, म्हणजे मागचं उणंदुणं पुसलं जातं. मीही तिला दर वेळी नाव विचारायला लागले. घरी येऊन हे मी कौतुकाने सांगितलं तेव्हा लेक एकदम उठून पाणी प्यायला गेली आणि जावईबापूंना ठसका लागला. मी त्यांच्या पाठीवर थापट्या मारल्या. मूर्ख मी.

दर बुधवारी दारात एक म्हातारा यायचा, सोबत त्याची बायको. तिच्या कोटाची बटणं नेहमी खालीवर लागलेली. म्हातारा शिट्टीबाईशी हळू आवाजात काही बोलायचा, मग त्याचा आवाज चढायचा, शिट्टीबाई मान हलवायची, आणि तो बायकोला घेऊन परत जायचा. एकदा तो जाता जाता माझ्याकडे बघत उभा राहिला. मला वाटलं, भांडकुदळ असेल, असतात अशी माणसं सगळीकडे.

मग तो बुधवार आला. चहाच्या पिंपापाशी नेहमीचा माणूस नव्हता, त्याच्या जागी एक नवी बाई होती. गव्हाळ, कपाळावर बारीक टिकली. मला बघताच ती कप घेऊन आली, गुडघ्यांवर बसली, आणि चक्क मराठीत, मोठ्याने, एकेक शब्द सोडवत म्हणाली, "आजीऽ, चहा हवाऽ? की आधी शूऽ करून यायचीय?"

परदेशात मराठी कानावर पडल्याचा आनंद त्या एका शब्दाने मातीत गेला.

"कोण आजी? आणि मला लागली तर मी माझी जाईन. तू कोण विचारणारी?"

ती दचकली. मग हसून म्हणाली, "अरे वा, आज बरं वाटतंय वाटतं आजींना."

"आज म्हणजे? मला काय धाड भरलीय?"

तिने माझ्याकडे बघितलं, मग शिट्टीबाईकडे बघितलं. कप खाली ठेवला. साध्या आवाजात विचारलं, "मावशी, तुम्हाला माहीत नाही का हे काय आहे?"

"फिरायला नेतात म्हाताऱ्यांना. आधी भाषा शिकवतात."

"भाषा नाही हो. हा विसरण्याचा आजार असलेल्यांचा गट आहे. माणसं रस्ता चुकतात, घरच्यांना ओळखत नाहीत, त्यांच्यासाठी नगरपालिकेने केलेली सोय आहे ही. तुमचं नाव तुमच्या लेकीनेच घातलंय. मला आज सगळ्यांची माहिती सांगितली बाईंनी. तुम्ही म्हणे कधीही उठून बाहेर चालायला लागता, गॅस चालू ठेवता, जावयाला चोर समजता. डॉक्टरचा कागद तिकडून यायचाय म्हणून सांगितलंय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चमचा, छत्री, किल्ली. हात धरणं. मनोऱ्याच्या पायरीवरून मागे ओढणं. सगळं एकाच वेळी माझ्या अंगावर आलं. आणि शेजारी लाल टोपीवाली बसली होती, कॅलेंडरकडे बघत, वार कोणता ते शोधत. या बाईला मी हसले होते! ती मला दर बुधवारी नाव विचारायची कारण दर बुधवारी मी तिच्या डोक्यातून पुसली जायचे. परदेशातली माझी एकुलती एक मैत्रीण मला ओळखत नव्हती, आणि जी मला जन्मापासून ओळखते तिने मला वेडी ठरवलं होतं.

"आणि तो दारातला म्हातारा?" मी विचारलं.

चहावालीने मान खाली घातली. "त्याची बायको खरी आजारी आहे. पण इथे जागा ठरलेल्या आहेत. कुणाची रिकामी झाली तरच दुसऱ्याला मिळते."

म्हणजे मी ज्या खुर्चीवर बसून टाळ्या वाजवत होते ती त्या बिचारीची. मला फुकटात फिरवून आणायचं म्हणून माझ्या लेकीने एका आजारी बाईच्या तोंडचा घास काढला होता. आपल्याकडे सवय असते आपल्याला, रांगेत मधेच घुसायची, ओळख काढायची, खोटं सांगून सवलत घ्यायची, आणि वर त्याला हुशारी म्हणायची. ती सवय ही पोरगी सामानात बांधून घेऊन आली होती.

मी उठले. "चल माझ्याबरोबर. मी बोलते ते त्या शिट्टीबाईला जसंच्या तसं सांग."

शिट्टीबाईपुढे उभी राहून मी म्हटलं, माझं डोकं ठिकाणावर आहे. मला काही झालेलं नाही, माझी मुलगी खोटं बोलली. चहावालीने सांगितलं. शिट्टीबाईने प्रेमाने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते?"

चहावाली चाचरली. "म्हणतायत, सगळेच सुरुवातीला असं म्हणतात."

"सगळे म्हणत असतील, पण मी खरं म्हणतेय! तिला सांग, हॉस्पिटलमधला एकूण एक नंबर मला पाठ आहे." आणि मी म्हणायला सुरुवात केली. अपघात विभाग, प्रसूती विभाग, रक्तपेढी, धोबीखाना. माझा आवाज चढत गेला, आकड्यांवर आकडे. चहावालीशिवाय मराठी कुणाला कळत नव्हती, त्यामुळे त्यांना एवढंच दिसलं की एक म्हातारी लाल होऊन काहीतरी बरळतेय. पहिलवान धावत पाण्याचा ग्लास घेऊन आला. मी ग्लास ढकलला. पाणी त्याच्या शर्टावर सांडलं.

"बाई म्हणतायत," चहावाली हळूच म्हणाली, "एकदम राग येणं हेही त्या आजाराचंच लक्षण आहे."

आता काय करायचं? शांत राहावं तर मी शहाण्यासारखी उपचार घेतेय, आणि चिडावं तर माझा आजार वाढलाय. मला कोंडीत पकडलं होतं. त्या बाईचा राग मला येऊ शकत नव्हता, ती मनापासून चांगली होती. लेक आईबद्दल असं खोटं सांगेल हे तिच्या डोक्यातच येत नव्हतं.

तेव्हा मला एक गोष्ट सुचली. "हिला सांग, या इमारतीच्या मागच्या दाराने मी पाळणाघरात जाते आणि बुधवार सोडून रोज माझ्या नातवाला घरी आणते. एकटी आणते, रस्ता ओलांडून. वेडी बाई हे करेल का, विचार."

चहावालीने सांगितलं. पहिल्यांदाच शिट्टीबाईचा चेहरा बदलला. तिने चहावालीला मला दोनदा तेच विचारायला लावलं. मग मान हलवली आणि घाईघाईने आत गेली. मला वाटलं, पटलं एकदाचं.

त्या संध्याकाळी लेक बूट काढत असतानाच मी सुरू केलं. काही राखून ठेवलं नाही. नऊ महिने पोटात वाढवलं त्याचा हिशेब काढला नाही, एवढंच. जावईबापू लॅपटॉप उचलून आतल्या खोलीत गेले.

"आई, ओरडू नकोस. तूच म्हणत होतीस ना की घरात कोंडल्यासारखं होतं? मग मी काय करू? सगळीकडे चौकशी केली. बाहेरच्यांना कुठे घेत नाहीत, जिथे घेतात तिथे भाषा लागते. हे एकच होतं. तुला बाहेर पडायला मिळालं की नाही? तू किती खूश होतीस!"

"मला येडी ठरवून खूश केलंस?"

"अगं, कुणाला कळणारे? सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे. इथे कोण ओळखतं तुला?"

हे ती सहज म्हणाली, पायमोजे काढता काढता. एवढं मला आधीचं काही लागलं नव्हतं. इथे कोण ओळखतं तुला. म्हणजे जिथे कुणी ओळखत नाही तिथे आईचं काहीही केलं तरी चालतं.

"ती माणसं ओळखतात मला," मी म्हटलं. "आणि त्या खुर्चीवर दुसऱ्या कुणाचा हक्क आहे. उद्या माझ्याबरोबर चल आणि खरं काय ते सांग."

"उद्या सुट्टी मिळणार नाही. या आठवड्यात तर नाहीच. मी बघते नंतर, फोन करून सांगते काहीतरी."

"काहीतरी नको, खरं सांग."

"बरं बाई, खरं सांगेन," असं म्हणून तिने पिल्लूला उचललं आणि त्याचं तोंड पुसायला लागली. तिच्या लेखी विषय संपला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नेहमीसारखी पाळणाघरात गेले. मागच्या गल्लीतलं दार, त्याच्या वरच्या अर्ध्या भागाला काच. एरवी मला बघताच तिथली ताई पिल्लूच्या डोक्यात टोपी घालून त्याला बाहेर आणायची. आज तिने दार उघडलं नाही. काचेतूनच हात हलवून नाही-नाही केलं. मी माझ्याकडे बोट दाखवलं, त्याच्याकडे दाखवलं. ती पुन्हा नाही म्हणाली आणि फोन कानाला लावला. तिच्या पायाशी पिल्लू उभा होता. त्याने मला बघितलं, दोन्ही हात वर केले, आणि मी आत येत नाही असं दिसल्यावर भोकाड पसरलं. "आजीऽ! आजीऽ!" काच जाड होती तरी मला ऐकू येत होतं. मी दारावर थापा मारल्या. आतल्या ताईने पोराला उचलून दुसऱ्या खोलीत नेलं.

कालच्या माझ्याच पुराव्याने हे केलं होतं. मी शहाणी आहे हे सिद्ध करायला मी जे सांगितलं, ते ऐकून शिट्टीबाई बिचारी हादरली होती आणि सरळ पाळणाघरात जाऊन सांगून आली होती की या बाईच्या हातात मूल देऊ नका. मीही तेच केलं असतं. मी गल्लीत उभी राहिले, हातात पिल्लूची पाण्याची बाटली, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या आया मला वळसा घालून आत जात होत्या. एकीने आपल्या मुलीला दुसऱ्या बाजूला घेतलं. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती, आणि इतका संताप तर नाहीच नाही.

लेक टॅक्सीने आली. आईच्या अब्रूसाठी जिला आठवडाभर सुट्टी मिळत नव्हती, ती पाळणाघराच्या एका फोनवर केस विस्कटलेली, धापा टाकत आली. माझ्याकडे न बघता आत शिरली. मग ताई, शिट्टीबाई, लेक आणि मी, अशा सगळ्या खालच्या सभागृहात जमलो. कपबश्या आवरत असलेल्या चहावालीला मी हाताला धरून आणलं. "ही काय बोलते ते सगळं मला सांगायचं. एक शब्द गाळायचा नाही."

लेक बोलायला लागली. भरभर, हात हलवत.

"म्हणतेय, आई अगदी ठणठणीत आहे," चहावाली माझ्या कानाशी सांगू लागली. "तिला कसलाही आजार नाही. मीच खोटं सांगितलं होतं. तिला एकटीला घरी बसावं लागत होतं, नवऱ्याला कामात व्यत्यय येत होता, म्हणून."

शिट्टीबाईने एकच प्रश्न विचारला. चहावाली हातातल्या कपाशी चाळा करू लागली.

"सांग ना."

"बाई विचारतायत, मग कालच फोन करून का नाही सांगितलंस? काल तर तुझी आई इथे एवढी जीव तोडून सांगत होती."

लेकीने उत्तर देताना पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं, आणि लगेच नजर काढून घेतली.

"ती म्हणतेय, कालपर्यंत एवढं अडलं नव्हतं."

निदान हे तरी खरं बोलली. शिट्टीबाई तिला सोडून माझ्याजवळ आली, माझे दोन्ही हात धरले. या वेळी तिचा आवाज गोड नव्हता, नेहमीच्या माणसाशी बोलावा तसा होता, आणि मला तो फार बरा वाटला. मग तिने फोन उचलला आणि कुणाशी तरी बोलली. चहावाली म्हणाली, "त्या आजोबांना बोलावतायत. येत्या बुधवारपासून." पलीकडून म्हाताऱ्याचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. तो तोच प्रश्न पुन्हापुन्हा विचारत होता, आणि शिट्टीबाई पुन्हापुन्हा हो म्हणत होती.

आम्ही बाहेर पडलो. पिल्लू लेकीच्या कडेवर रडून रडून थकला होता. थोडं अंतर गेल्यावर ती म्हणाली, "झालं ना तुझ्या मनासारखं? सगळ्यांसमोर माझी शोभा झाली. आता रस्त्यात भेटल्यावर तोंड कसं दाखवू मी त्यांना?"

माझ्या तोंडाचं काय, हे तिने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. रस्ता ओलांडायला आम्ही दिव्यापाशी थांबलो. तिने फोनमध्ये काहीतरी पाहिलं, मग आवाज मऊ केला.

"आई, उद्या माझं काम आहे, मला निघता येणार नाही. आता ते देतील त्याला तुझ्याकडे. आणशील ना दुपारी?"

"आणि विसरले तर?" मी म्हटलं.

ती हसायला गेली. "काहीतरीच काय गं."

मी हसले नाही. तिच्याकडे नुसती बघत राहिले. तिने माझ्या चेहऱ्यावर शोधलं, मी रागाने बोलतेय की चेष्टेने, आणि तिला ते सापडेना. तिने पिल्लूला दुसऱ्या कडेवर घेतलं, माझ्यापासून लांबच्या. क्षणभर माझ्या लेकीच्या डोळ्यांत खरी भीती दिसली.

एका शब्दाने मी ती घालवू शकले असते. मी ती तशीच राहू दिली.